कार्बनी संयुगांचे नामकरण आणि देवनागरी लेखन : एक चिकित्सा

प्रस्तावना : कार्बनी संयुगांची पद्धतशीर नावे ही केवळ संज्ञा नसून संक्षिप्त रचनासूत्रेच होत. १८९२ च्या जिनिव्हा परिषदेत या नामकरणाचे नियम ठरले. १९१९ मध्ये स्थापन झालेल्या ‘आययूपॅक’ या आंतरराष्ट्रीय संघटनेने ते पुढे विकसित केले. या पद्धतीत मूळ शब्द मुख्य साखळीतील कार्बन अणूंची संख्या सांगतो, तर प्रत्यय संयुगाचा वर्ग दर्शवितो. मराठी भाषकास हे तत्त्व परके नाही. ‘घरात’ आणि ‘घरातून’ यांतील भेद प्रत्ययच करतो. प्रश्न आहे तो हे प्रत्यय देवनागरीत अचूक उतरविण्याचा.

विवेचन : मिथेनॉल हे अल्कोहोल, तर मिथेनाल म्हणजे फॉर्मल्डिहाइड. दोहोंत लेखी भेद केवळ एका अर्धचंद्राचा. मुद्रणात तो गळला की अल्कोहोलचे अल्डिहाइड होते. दुसरी अडचण ‘ईन’ या अंत्याची. प्रोपीनमधील ‘ईन’ कार्बन-कार्बन दुहेरी बंध दर्शवितो. परंतु क्लोरीन हे मूलद्रव्य आहे आणि ॲनिलीन हे अमाइन. रोमन लिपीत हा भेद स्पेलिंगमुळे टिकतो, उच्चारानुसारी देवनागरीत तो पुसला जातो.

भंडारा जिल्ह्याच्या चिन्नोर तांदळास भौगोलिक मानांकन लाभले आहे. सुगंधी तांदळाच्या वासात २-ॲसिटिल-१-पायरोलीन हे संयुग प्रमुख मानले जाते. त्याच्या वलयात दुहेरी बंध आहे, पण तो कार्बन व नायट्रोजन यांमधील. सबब ते अल्कीन नव्हे. ‘ईन’ वाचून विद्यार्थ्याने त्यास अल्कीन म्हटले, तर तो दोष आकलनापेक्षा लेखनाचा अधिक आहे. दहावीच्या ‘कार्बनी संयुगे’ या प्रकरणापर्यंत मराठीतून शिकलेला ग्रामीण विद्यार्थी अकरावीत इंग्रजी माध्यमात जातो, तेव्हा कानाने पाठ केलेली ही नावे त्याच्या उपयोगी पडत नाहीत.

निष्कर्ष : यावर संस्कृतप्रचुर पर्यायी नावे घडविणे हा उपाय नव्हे, त्यामुळे जागतिक परिभाषेशी असलेला दुवा तुटेल. ‘इथेनॉइक आम्ल’ असा संकर मराठीने सहज पचविला आहे. आवश्यकता आहे ती प्रत्ययांच्या देवनागरी रूपांची एकच निश्चित सारणी करून सर्व पाठ्यपुस्तकांत ती पाळण्याची, आणि प्रत्येक नाव प्रथम येते तेथे रोमन रूप व रचनासूत्र सोबत देण्याची. विद्यार्थ्यास नाव पाठ होण्यापेक्षा ते वाचता येणे महत्त्वाचे होय.