‘अंधाधुन’ आणि रहस्यपटाचा हिशेब

रहस्यपट मित्रमंडळीसह पाहावा कीं एकट्यानें, हा प्रश्न वरवर पाहतां क्षुल्लक वाटेल. परंतु त्या कलाप्रकाराचें बरेंचसें मर्म त्यांत दडलेलें आहे. एकटा प्रेक्षक पडद्याशीं झुंजतो. मित्रांसमवेत बसलेला प्रेक्षक शेजाऱ्याशीं पैज लावतो. मध्यंतरापूर्वीं खुनी ओळखून दाखविण्याची अहमहमिका लागते, आणि चहाच्या पेल्याबरोबर प्रत्येकाचा संशयितहि बदलतो.

श्रीराम राघवन यांचा ‘अंधाधुन’ हा हिंदी चित्रपट २०१८ च्या ऑक्टोबरांत प्रदर्शित झाला, तेव्हां आम्हीं चौघांनीं तो पुण्यांतच पाहिला. कथाहि पुण्यांतच घडते. आमच्या एका स्नेह्यांचें बाळपण बाबूराव अर्नाळकरांच्या ‘झुंजार’वर पोसलेलें. ते पैजेच्या तयारीनेंच आले होते; पण त्यांची निराशा झाली. खून कोणी केला, हें दिग्दर्शक फार वेळ झांकून ठेवीतच नाहीं. २०१० च्या एका फ्रेंच लघुपटांतील बीज त्यानें घेतलें आहे: आंधळेपणाचें सोंग घेतलेला पियानोवाला नको तें पाहतो, आणि पाहिलें असें दाखवूं शकत नाहीं. येथें ‘कोण’ ह्या प्रश्नाची जागा ‘आतां हा काय करणार’ ह्या प्रश्नानें घेतली आहे.

तो प्रसंग हिंदी चित्रपटांत तोड नसलेला आहे, असें आम्ही भीड न ठेवतां म्हणतों. एका विस्मृत नटाच्या लग्नाच्या वाढदिवशीं आकाश त्याच्या घरीं वाजवावयास येतो. नट जमिनीवर मरून पडला आहे. त्याची पत्नी सिमी (तब्बू) पाहुण्याशीं गोड बोलते आहे. तिचा प्रियकर आंत दडला आहे. आकाशचीं बोटें थांबत नाहींत, आणि त्याच सुरांच्या आडोशानें प्रेत पेटींत भरलें जातें. १९६० च्या ‘कानून’नें व १९६९ च्या ‘इत्तेफाक’नें रहस्य बिघडूं नये म्हणून गाणींच वर्ज्य केलीं होतीं. राघवन यांनीं उलट केलें. त्यांनीं संगीतालाच गुन्ह्याचा सोबती बनविलें. मृत नटाच्या भूमिकेंत अनिल धवन यांना घेऊन, त्यांच्याच जुन्या चित्रपटांतील दृश्यें दाखविण्याची कल्पनाहि मोठी मार्मिक आहे.

प्रेक्षागृह ह्या वेळीं हंसत होतें. आमच्याबरोबरच्या बाईंना तें रुचलें नाहीं. प्रेतावर हंसणें हें त्यांच्या मतें मन निबर झाल्याचें लक्षण. आक्षेप वजनदार आहे. पण पुढें शेजारची म्हातारी सज्जावरून ढकलली जाते, तेव्हां तेंच प्रेक्षागृह गप्प झालें. म्हणजे पहिलें हंसूं मरणाला नव्हतें, तर सोंगाच्या सांपळ्यांत सांपडलेल्या सोंगाड्याला होतें. हा भेद राखतां येणें हें दिग्दर्शकाचें बळ होय.

उत्तरार्ध मात्र ढिला आहे. अवयवांचा व्यापार करणारा डॉक्टर, रिक्षावाला, लॉटरीचीं तिकिटें विकणारी बाई ह्या मंडळींच्या गर्दींत योगायोग इतके साचतात कीं आधींची कोंडी सैल होते. छाया कदम यांनीं ती बाई जिवंत केली, एवढाच त्या भागाचा लाभ.

खरा वाद शेवटाचा. दोन वर्षांनंतर युरोपांत आकाश सोफीला हकीकत सांगतो: सिमीचे डोळे काढून त्याला द्यावेत असें डॉक्टरनें सुचविलें, त्यानें तें नाकारलें, आणि एका सशाच्या धडकेनें मोटार कोसळून सिमी मेली. मग तो काठी टेकीत निघतो व वाटेंतला डबा नेमका उडवितो. आमचे अर्नाळकरभक्त स्नेही संतापले. रहस्यपटानें शेवटीं हिशेब चुकता केला पाहिजे, असें त्यांचें म्हणणें.

आम्हांस वाटतें, हिशेब अपुरा आहे, पण खोटा नाहीं. ह्या शेवटच्या हकीकतीला आकाशवांचून साक्षीदार नाहीं. आणि तो खोटें वागून पोट भरतो, हें दिग्दर्शकानें आरंभींच सांगितलें आहे. ससा मात्र आम्हांस खटकतो. तो चित्रपटाच्या पहिल्याच दृश्यांत, कोणी कांहीं सांगण्यापूर्वीं, आमच्या डोळ्यांपुढें धांवला आहे; तेथें दिग्दर्शक दोन्ही बाजूंनीं खेळतो. तरीहि त्या डब्याचा अर्थ टळत नाहीं. आकाशला दिसत असेल, तर ते डोळे आले कोठून? सबंध चित्रपटांत ज्याला जागा नव्हती तो ‘खुनी कोण’ हा प्रश्न अखेरच्या क्षणीं नायकापुढेंच उभा राहतो. आणि सोफीला त्यांतलें कांहींच ठाऊक नसतें. ती हळहळून त्याला एवढेंच म्हणते कीं, डॉक्टरचें तूं ऐकावयास हवें होतेंस.