‘चौंडकं’ आणि रोगाची वाट

राजन गवस यांची ‘चौंडकं’ ही कादंबरी 1985 साली प्रसिद्ध झाली. भारतातील पहिले एच.आय.व्ही. बाधित मद्रासमध्ये आढळले ते 1986 साली. या रोगाविषयी कादंबरी काही सांगत नाही. सांगूही शकत नव्हती. तरीही आपल्या सीमाभागात तो कोणत्या वाटेने पसरला हे जाणून घ्यायचे असेल, तर आरोग्यखात्याच्या अहवालांआधी ती वाचावी.

मुलीच्या केसांत जट निघते. वैद्यकाच्या लेखी तो केसांचा गुंता. घराच्या लेखी यल्लम्माचे बोलावणे. गळ्यात दर्शन बांधले जाते, हाती परडी येते आणि मुलगी ‘देवाची’ होते. हे कुणा एका दुष्टाचे कारस्थान नसते. दारिद्र्य, जात, कोपाची भीती आणि शेजाऱ्यापाजाऱ्यांची श्रद्धा यांच्या संगनमताने ते घडते, हे या कादंबरीचे खरे आकलन. देवाशी लग्न लागलेल्या स्त्रीला नवरा नाही, वारसा नाही, नकाराचा अधिकारही नाही. सौंदत्तीच्या डोंगरापासून सांगली-मुंबईच्या वस्त्यांकडे जाणारी वाट या अभावांतूनच निघते. कर्नाटकाच्या 1982च्या कायद्याने मुली सोडणे गुन्हा ठरवले. वाट एकदम बुजली नाही. 2005च्या सुमारास बेळगाव जिल्ह्यातील देहविक्रय करणाऱ्या स्त्रियांची पाहणी झाली, तेव्हा जवळजवळ एक-तृतीयांश बाधित आढळल्या. सरकारी परिभाषेत त्या ‘जोखमीचा गट’ ठरल्या. ती जोखीम निर्माण करणारे गाव मात्र कोणत्याच गटात मोडले नाही.

‘चौंडकं’ व ‘भंडारभोग’ या कादंबऱ्यांवर आधारलेला ‘जोगवा’ हा राजीव पाटील यांचा चित्रपट 2009 साली आला. तो प्रभावी आहे. उपेंद्र लिमये यांचा जोगता विसरता येत नाही. पण जोगता आणि जोगतीण यांना प्रेमकथेत गुंफताना चित्रपट प्रेक्षकाला सुटकेचे समाधान देतो. आपण त्या दोघांच्या बाजूने उभे राहतो आणि गावाच्या बाजूने कोण होते, हा प्रश्न मागे पडतो. कादंबरी ही सवलत देत नाही.

हा प्रश्न आपल्या घरांचा आहे. मंगळवारी-शुक्रवारी जोगव्याचे पीठ परडीत घालणारा आपला उंबरठा त्याच बाईला आत घेत नव्हता. उंबऱ्याआड राहिलेली सूनही सुरक्षित नव्हती. नवऱ्याने आणलेला संसर्ग तिने मुकाट्याने सोसला, कारण त्याला विचारणे तिच्या पातिव्रत्यात बसत नव्हते. एकीला नकार नाही, दुसरीला प्रश्न नाही. विषाणूला दोन्ही घरे सारखीच उघडी.

सांगलीत 1992 साली ‘संग्राम’ आणि 1996 साली ‘वेश्या अन्याय मुक्ती परिषद’ उभी राहिली. या स्त्रियांनीच निरोध वाटले, एकमेकींना बोलते केले आणि ‘नाही’ म्हणण्याचे बळ संघटनेतून मिळवले. उपदेशाने जे साधले नसते ते येथे साधू लागले, कारण उपाय रोगाच्या मुळाशी, म्हणजे अधिकारहीनतेशी, भिडला. 2004पासून सरकारी रुग्णालयांत मोफत औषधे मिळू लागली आणि या रोगासह आयुष्य काढणे शक्य झाले. औषध विषाणूला आवरते. उंबरठा मात्र आपल्यालाच ओलांडावा लागेल. ‘चौंडकं’ आजही अस्वस्थ करते ती यासाठीच.