लंपनचे अवधान : प्रज्ञा, विकार आणि वनवास

प्रस्तावना

शाळकरी मुलाचे वर्गात लक्ष लागत नसेल, तर आज त्याची दोन कारणे सांगितली जातात. पहिले असे की, मूल असामान्य बुद्धीचे असून वर्गातील शिकवणे त्याला अपुरे पडते. दुसरे असे की, त्याला अवधान-न्यूनता व अतिचंचलता विकार, म्हणजेच एडीएचडी आहे. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ जेम्स वेब व त्यांचे सहकारी यांनी २००५ मधील ग्रंथात प्रज्ञावान मुलांची लक्षणे विकाराची समजली जाण्याचा धोका मांडला. प्रस्तुत लेखात प्रकाश नारायण संत (१९३७-२००३) यांच्या लंपनकथांच्या आधारे या द्वंद्वाची चिकित्सा केली आहे.

लक्षण आणि निवेदन

'वनवास' (१९९४), 'शारदा संगीत', 'पंखा' आणि 'झुंबर' या चार पुस्तकांतील कथा लंपन स्वतः सांगतो. सीमाभागातील गावात, आई-वडिलांपासून दूर, तो आजी-आजोबांकडे राहतो. त्याचे मन एका गोष्टीवरून दुसरीकडे धावते, साध्या प्रसंगातही अवाच्यासव्वा आकडे त्याच्या मनात येतात आणि स्वतःला तो 'मॅड' समजतो. केवळ बाहेरून पाहणाऱ्या शिक्षकाने यातील काही बाबींवर सहज खूण केली असती.

परंतु संतांनी निवेदनाचा अधिकारच मुलाकडे सोपविला आहे. त्यामुळे बाहेरून अनवधान वाटणारी अवस्था आतून सूक्ष्म अवधान ठरते. आवाज, वास, माणसांच्या लकबी यांची नोंद तो बारकाईने घेतो. त्याचे लक्ष हरवलेले नसून इतरत्र गुंतलेले आहे. वेब यांच्या भूमिकेला लंपन अनुकूल उदाहरण वाटतो, तो येथपर्यंतच.

द्वंद्वाच्या मर्यादा

या वाचनावर तीन आक्षेप संभवतात. पहिला, आवडीच्या विषयात रमणे हा विकार नसल्याचा पुरावा नव्हे. एडीएचडी असलेली मुलेही मनाजोग्या कामात दीर्घकाळ गुंतू शकतात. अडचण येते ती नावडत्या पण आवश्यक कामाकडे लक्ष वळविताना. शिवाय प्रज्ञा व विकार एकाच मुलात असू शकतात. तेव्हा तल्लख बुद्धी विकार झाकते आणि अभ्यासाचा भार वाढेपर्यंत गुणपत्रिकेत काहीच उमटत नाही.

दुसरा आक्षेप वाङ्मयीन आहे. लंपनच्या विस्कळीत मनाला प्रौढ लेखकाने कथेचा आकार दिला आहे. वर्गातील मुलाला असा निवेदक लाभत नाही. म्हणून साहित्यकृतीवरून निदान करणे सयुक्तिक नाही. तिच्यापासून प्रश्न मात्र घेता येतात.

तिसरा आक्षेप सर्वांत महत्त्वाचा आहे. 'वनवास' हे शीर्षकच सुचविते की, लंपनच्या तंद्रीमागे घरापासूनची ताटातूट आहे. आजी-आजोबांच्या मायेतही ती सल उरते. येथे मन उडण्याचे कारण प्रज्ञाही नाही आणि विकारही नाही. ती खंत आहे. 'हुशार की विकारग्रस्त' या प्रश्नात या तिसऱ्या शक्यतेला जागाच नाही.

अमेरिकन सायकिअॅट्रिक असोसिएशनच्या २०१३ मधील निदानपुस्तिकेने ती जागा ठेवली आहे. अनवधानाची नऊ आणि अतिचंचलता-आवेगाची नऊ, अशा दोन गटांपैकी किमान एका गटातील सहा लक्षणे मुलात सहा महिने टिकलेली असावीत. त्यांतील काही बाराव्या वर्षाआधी व किमान दोन ठिकाणी दिसावीत. त्यांमुळे जगण्यात बाधा यावी. आणि अन्य मानसिक विकाराने त्यांचा अधिक चांगला उलगडा होत नसावा, अशा तिच्या अटी आहेत. खूणयादी लक्षणे मोजते. उर्वरित अटींसाठी घर, शाळा व पूर्वेतिहास तपासावा लागतो.

वऱ्हाडाचा संदर्भ

हा प्रश्न वऱ्हाडास परका नाही. शिक्षणासाठी खेड्यातून अमरावती वा अकोल्यास नातेवाइकांकडे अथवा वसतिगृहात ठेवलेली मुले येथील शिक्षकांच्या परिचयाची आहेत. राजापेठेतील खोलीत राहून शिकणाऱ्या मुलाचे चित्त उडाले, तर शिष्यवृत्ती परीक्षेतील गुणांवरून त्याला हुशार वा बेफिकीर ठरविणे सोपे असते. परंतु हेच मूल सुटीत गावी गेल्यावर कसे वागते, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. अस्वस्थता गावी ओसरत असेल, तर शोध परिस्थितीत घ्यावा लागेल. ती सर्वत्र व लहानपणापासून असेल, तर तज्ज्ञांकडे पाठविण्यास विलंब करणे हाही अन्यायच होय.

समारोप

राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२० मध्ये प्रज्ञावान मुलांना प्रोत्साहन देण्याची अपेक्षा शिक्षकांकडून केली असून, बी.एड. स्तरावर या विषयाच्या विशेषीकरणाचीही शक्यता मांडली आहे. या प्रशिक्षणात खूणयादीबरोबर लंपनकथांचे वाचन समाविष्ट करणे उपयुक्त ठरेल. निदान करणे हे शिक्षकाचे काम नव्हे. पण मूल कोठे, केव्हापासून आणि कोणाच्या विरहात असे वागते, हे नोंदविणारा पहिला साक्षीदार बहुधा तोच असतो. त्याची नोंद अपुरी राहिली, तर डॉक्टरांचा निर्णयही अपुऱ्या माहितीवर उभा राहतो. लंपनकथांचे शैक्षणिक मोल त्या मुलाला नाव देण्यात नसून, नाव देण्यापूर्वी त्याचे म्हणणे ऐकण्यास भाग पाडण्यात आहे.