गोचिडांचे वितरण : हवामान आणि अधिवास – प्रचलित अभ्यासपद्धतीची चिकित्सा (खानदेशाच्या विशेष संदर्भात)

प्रस्तावना :

पदवीच्या वर्गात परजीवी प्राणी शिकविताना गोचिडाच्या वाट्याला फार तर अर्धा तास येतो. अष्टपाद वर्ग, अळीला सहा पाय, पुढील अवस्थांना आठ पाय, रक्तशोषण आणि रोगवहन एवढे सांगून आपण पुढच्या प्राण्याकडे वळतो. विद्यार्थ्याच्या वहीत ‘गोचीड’ हा एकच प्राणी उरतो. लोकभाषेतही बैलाच्या कानातला, कुत्र्याच्या पंजातला आणि रानातल्या पाल्यावरून अंगावर चढणारा, असे सारे गोचीडच. प्रत्यक्षात भारतातून गोचिडांच्या शंभराहून अधिक जाती नोंदविल्या गेल्या आहेत आणि त्यांचे राहणे, खाणे, हंगाम व त्यांनी वाहिलेले रोग एकमेकांहून भिन्न आहेत.

या भिन्नतेचे स्पष्टीकरण देताना आपल्याकडील बरेचसे लेखन हवामानापाशी थांबते. ‘दमट प्रदेशात अमुक जाती, कोरड्या प्रदेशात तमुक जाती’ असे विधान केले की विषय संपल्यासारखे वाटते. हे विधान चुकीचे नाही. परंतु ते अपुरे आहे आणि त्याचा अपुरेपणा केवळ तात्त्विक नाही. गोठ्यातील जनावर वाचणे न वाचणे त्यावर अवलंबून असते. प्रस्तुत लेखात या अपुरेपणाची चिकित्सा केली आहे. (लेखात ‘प्रजाती’ हा शब्द जवळच्या अनेक जातींच्या गटासाठी, तर ‘जाती’ हा शब्द त्या गटातील एका प्रकारासाठी वापरला आहे.)

उद्दिष्टे :

१) गोचिडांच्या वितरणात हवामानाची भूमिका कोठपर्यंत आहे हे तपासणे.
२) एकाच प्रजातीतील जातींच्या अधिवासभेदाचे महत्त्व स्पष्ट करणे.
३) प्रचलित याद्या व नकाशे यांच्या मर्यादा दाखवून खानदेशात उपयोगी पडेल अशी अभ्यासाची दिशा सुचविणे.

हवामानाचा आधार :

गोचीड आयुष्याचा फार थोडा काळ यजमानाच्या अंगावर असतो. उरलेला काळ तो जमिनीवर, पालापाचोळ्यात, गवताच्या बुडख्यात किंवा भिंतीच्या भेगेत काढतो. या काळात त्याचा सर्वांत मोठा शत्रू शुष्कता हा होय. गवताच्या टोकाशी यजमानाची वाट पाहणारा गोचीड अंगातील पाणी कमी झाले की खाली उतरतो, ओलसर पाचोळ्यात हवेतील बाष्प शोषून घेतो आणि पुन्हा वर चढतो. त्यामुळे तापमान आणि आर्द्रता यांचा त्याच्या अस्तित्वाशी थेट संबंध आहे, हे मान्य करावेच लागते.

हवामान त्याचे वेळापत्रकही ठरविते. पश्चिम घाटातील हिमाफायसॅलिस स्पिनिजेरा ही जाती याचे उत्तम उदाहरण आहे. जूनमधील पहिल्या सरींनंतर तिचे प्रौढ गोचीड क्रियाशील होतात, पावसाळा ओसरल्यावर अळ्या दिसू लागतात आणि हिवाळ्यापासून उन्हाळ्यापर्यंत निम्फ अवस्था जोरात असते. माणसाला चावतो तो मुख्यतः हा निम्फ. म्हणूनच क्यासनूर वनरोग, म्हणजे आपल्याकडील ‘माकडताप’, कोरड्या महिन्यांत उफाळतो. ज्या काळात माणसे काजू वेचण्यासाठी, लाकूडफाट्यासाठी आणि पाचोळा गोळा करण्यासाठी रानात जातात, नेमका तोच हा काळ.

क्यासनूरचा धडा :

परंतु हवामान हेच एकमेव कारण मानले तर या रोगाचा इतिहास उलगडत नाही. १९५७ साली तत्कालीन म्हैसूर राज्याच्या शिमोगा जिल्ह्यातील क्यासनूर रानात माकडे मरू लागली व माणसे आजारी पडली. पुण्याच्या विषाणू संशोधन केंद्राने (आजची राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था) त्यामागचा विषाणू आणि त्याचा वाहक गोचीड शोधून काढला. त्या प्रदेशाचा पाऊस, उष्णता व दमटपणा १९५७ साली एकाएकी बदललेला नव्हता. बदलले होते ते रान.

जॉर्ज बॉशेल यांनी १९६९ मध्ये केलेली परिस्थितिकीय मांडणी या दृष्टीने आजही मूलगामी वाटते. सदाहरित रान तोडून शेती व वस्ती आत शिरली, उघड्या झालेल्या जागी घाणेरीसारखी झुडपे माजली आणि गुरे रानात चरू लागली. प्रौढ स्पिनिजेराला गुरांच्या रूपाने मुबलक रक्त मिळाले आणि त्याची संख्या वाढली, असा त्या मांडणीचा गाभा आहे. गुरे स्वतः या रोगाने आजारी पडत नाहीत. पण रोगवाहकाला पोसतात. वितरणाचे कोडे येथे पर्जन्यमापकापेक्षा गुरांच्या पायवाटेवर अधिक सुटते.

पुढील प्रसारही हेच सांगतो. २०१२ मध्ये बंडीपूर, २०१३ मध्ये वायनाड, २०१५ मध्ये गोव्यातील सत्तरी आणि २०१६ मध्ये सिंधुदुर्गातील दोडामार्ग तालुका येथे रोग आढळला. ही सर्व ठिकाणे पश्चिम घाटाच्या आधाराने आहेत, म्हणजे हवामानाची बाह्य चौकट जुळते. परंतु त्या चौकटीत रोग कोठे आणि केव्हा प्रकटला याचे उत्तर काजूबागा, रानाच्या कडा, माकडांचे मृत्यू आणि माणसांची ये-जा यांतच शोधावे लागते.

सख्ख्या जाती, निराळी घरे :

अधिवासाचे महत्त्व एकाच प्रजातीतील जाती शेजारी ठेवून पाहिल्यावर अधिक स्पष्ट होते. हिमाफायसॅलिस प्रजातीतील स्पिनिजेरा रानातली, तर बायस्पायनोसा ही गुरांबरोबर मोकळ्या चराईच्या जमिनीवरही सुखाने नांदणारी. इंटरमीडिया ही जाती द्वीपकल्पाच्या कोरड्या भागात शेळ्यामेंढ्यांवर आढळते; गंजम विषाणू प्रथम तिच्यातूनच, ओरिसातील गंजम जिल्ह्यातील शेळ्यांवरील गोचिडांतून वेगळा करण्यात आला. तिन्ही एकाच घराण्यातल्या. पण एकीचा पत्ता दुसरीला लागू पडत नाही.

हायलोमा प्रजाती कोरड्या हवामानाची म्हणून ओळखली जाते. तिच्यातही अ‍ॅनाटोलिकम ही जाती गोठ्याशी जोडलेली आहे. रक्त पिऊन टच्च फुगलेली मादी जनावराच्या अंगावरून उतरते आणि भिंतीच्या भेगांत, दगडांच्या सांध्यांत अंडी घालते. कात टाकणाऱ्या अवस्थाही तेथेच लपतात. याउलट आयझॅकी या जातीच्या लहान अवस्था ससे आणि जमिनीवर चरणारे पक्षी यांच्यावर वाढतात. म्हणजे तिला गोठ्याबाहेरचे शेतशिवार लागते. हवामान दोघींना सारखेच, पण घर वेगळे.

ऱ्हिपिसेफॅलस प्रजातीत मायक्रोप्लस ही अळीपासून प्रौढापर्यंतचे सारे आयुष्य एकाच जनावरावर काढते. जमिनीशी तिचा संबंध केवळ अंडी आणि नुकत्याच बाहेर पडलेल्या अळ्यांपुरता. त्यामुळे विकत आणलेल्या गाईबरोबर ती गावोगाव जाऊ शकते. मात्र नव्या गावी टिकण्यासाठी अंड्यांना ओलावा मिळावा लागतो. तिच्याच प्रजातीतील कुत्र्यावरचा गोचीड घरातील कोरड्या कोपऱ्यातही तग धरतो.

याद्या आणि नकाशे यांच्या मर्यादा :

आपल्याकडे वर्गीकरणाचे काम मोलाचे झाले आहे. जी. गीवर्गीस व ए. सी. मिश्रा यांचा भारतातील हिमाफायसॅलिस गोचिडांवरील २०११ मधील ग्रंथ हा त्याचा ठळक पुरावा. आक्षेप आहे तो अशा पायाभूत कामावर विसंबून लिहिल्या जाणाऱ्या यादीवजा निबंधांच्या पद्धतीवर. तो तीन प्रकारचा आहे.

पहिला आक्षेप, राज्य हे एकक धरण्याचा. ‘वितरण : महाराष्ट्र’ अशी नोंद वाचून काय कळते? दोडामार्ग महाराष्ट्रात आहे आणि एरंडोलही महाराष्ट्रातच आहे. एकीकडे तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस व दाट रान, दुसरीकडे सुमारे सातशे मिलिमीटर पाऊस, उन्हाळ्यात भेगाळणारी काळी जमीन आणि ४५ अंशांच्या घरात जाणारा पारा. प्रशासकीय सीमा गोचीड पाळत नाहीत.

दुसरा आक्षेप, संकलनाची पद्धत न सांगण्याचा. रानात जमिनीवरून पांढरे फडके ओढले की पाल्यावर वाट पाहणारे गोचीड त्यास चिकटतात. गोठ्याच्या भेगेतील हायलोमा त्यात येणार नाही. जनावराच्या अंगावरून वेचले तर मुख्यतः प्रौढ मिळतात; उंदीर-घुशींवरील अळ्या सुटतात. दोन ठिकाणी दोन पद्धती वापरून ‘दोन प्रदेशांत भिन्न जाती’ असा निष्कर्ष काढणे म्हणजे साधनांतील फरक निसर्गाच्या माथी मारणे होय.

तिसरा आक्षेप, नकाशावरील रिकाम्या जागेच्या अर्थाविषयी. अलीकडे नोंदींचे बिंदू आणि हवामानाची आकडेवारी संगणकास पुरवून संभाव्य वितरणाचे नकाशे काढले जातात. परंतु नोंदी जेथे रोग पसरला तेथेच दाट असतात, कारण संशोधक तेथेच गेले. जेथे कोणी गेले नाही तेथील कोरी जागा ‘येथे जाती नाही’ असे सांगत नाही. ‘येथे कोणी पाहिले नाही’ एवढेच सांगते.

खानदेशातील प्रश्न :

खानदेशाचे स्थान या दृष्टीने विचार करण्यासारखे आहे. दक्षिणेकडे, सह्याद्रीच्या पायथ्याशी, माकडतापाचा प्रदेश सिंधुदुर्गापर्यंत आला आहे. पश्चिमेस शेजारच्या गुजरातमध्ये, अहमदाबाद जिल्ह्यातील कोलाट गावी, जानेवारी २०११ मध्ये क्रायमियन-काँगो रक्तस्रावी तापाची भारतातील पहिली निश्चित नोंद झाली. त्याचा संबंध हायलोमाशी आहे. गुजरातमधून काठेवाडी पशुपालक आपल्या गुरांसह खानदेशात येतात, धुळ्याकडील ठेलारी मेंढ्या घेऊन दूरवर फिरतात आणि आठवडे बाजारात जनावरे हात बदलतात. यावरून भीती पसरविण्याचे कारण नाही; परंतु गोचिडांच्या वाटा हवामानाच्या नकाशात दिसत नाहीत, एवढे यावरून निश्चित होते.

रोजचा प्रश्न याहून जवळचा आहे. संकरित गाईंना होणारा थायलेरिया हा ताप मुख्यतः हायलोमा अ‍ॅनाटोलिकममुळे पसरतो. पशुपालक जनावराच्या अंगावर औषध फवारतो, आठवडाभर बरे वाटते आणि पुन्हा गोचीड दिसू लागतात. दोष औषधाला दिला जातो. मायक्रोप्लस असेल तर जनावराच्या अंगावरील उपाय बराचसा पुरेसा ठरतो, कारण त्याचे बहुतेक आयुष्य तेथेच जाते. हायलोमा असेल तर भिंतीच्या भेगा लिंपल्याशिवाय आणि गोठ्याचे सांधे बुजविल्याशिवाय उपाय अर्धाच राहतो. ‘गोचीड’ या एका शब्दावर थांबलेले ज्ञान येथे शेतकऱ्याच्या खिशाला आणि गाईच्या जिवाला महाग पडते.

निष्कर्ष :

१) हवामान गोचिडांच्या वितरणाची बाह्य मर्यादा व हंगाम ठरविते, त्या मर्यादेच्या आतील प्रत्यक्ष ठिकाण अधिवास, यजमान आणि माणसाचा जमीनवापर ठरवितात.

२) एकाच प्रजातीतील जातींचे अधिवास इतके भिन्न असू शकतात की प्रजातीच्या पातळीवरील विधान व्यवहारात निरुपयोगी ठरते.

३) प्रत्येक नोंदीसोबत अधिवास, यजमान, अवस्था, महिना आणि संकलनपद्धती दिल्याखेरीज ती नोंद वितरणाचा पुरावा मानू नये.

हे काम मोठ्या संस्थांचीच वाट पाहत बसावे असे नाही. एरंडोल परिसरातच गावातला गोठा, अंजनी नदीकाठचे कुरण, पद्मालयाचे रान आणि उत्तरेस सातपुड्याचा पायथा असे चार वेगळे अधिवास एका दिवसाच्या अंतरात मिळतात. चारही ठिकाणी वर्षभर, दरमहा, एकाच पद्धतीने आणि योग्य ती काळजी घेऊन, गोचीड हाताने न चिरडता, नमुने गोळा केले तर पदवीच्या विद्यार्थ्यांकडूनही नकाशावरील एक कोरी जागा भरली जाऊ शकते. ओळख पटविण्यासाठी तज्ज्ञांची मदत लागेल. परंतु गोठ्याच्या भिंतीला भेग आहे की नाही, हे पाहण्यासाठी ती लागत नाही. आपल्या वर्गातील अर्ध्या तासाचा विस्तार येथून सुरू व्हावा, अशी अपेक्षा आहे.