पोलीस भरतीची लेखी परीक्षा आणि तिची वैधता : दोन अमेरिकन खटल्यांचा चिकित्सक विचार

अमेरिकेत १८८३ च्या पेंडल्टन कायद्याने केंद्र शासनाच्या काही पदांसाठी स्पर्धा परीक्षेचे तत्त्व आणले आणि पुढे अनेक शहरांच्या पोलीस दलांनीही ते स्वीकारले. वशिलेबाजीला आळा घालणारी ही पद्धत निःसंशय स्वागतार्ह होती. तथापि परीक्षा सर्वांना सारखी आहे, एवढ्यावरून ती योग्य माणूस निवडते असे सिद्ध होत नाही. प्रस्तुत लेखात हा मुद्दा तपासला आहे.

वॉशिंग्टन शहराच्या पोलीस दलात प्रवेशासाठी ‘टेस्ट २१’ मध्ये ८० पैकी किमान ४० गुण आवश्यक होते. नागरी सेवा आयोगाची ही परीक्षा खास पोलिसांसाठी रचलेली नव्हती. केंद्रीय सेवांत ती सर्रास वापरली जाई. शब्दसंग्रह, वाचन व आकलन हाच तिचा विषय. कृष्णवर्णीय उमेदवारांच्या अनुत्तीर्णतेचे प्रमाण श्वेतवर्णीयांच्या सुमारे चौपट होते. १९७६ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ७ विरुद्ध २ मतांनी निर्णय दिला की, केवळ विषम परिणामामुळे संविधानाचा भंग होत नाही. भेदभावाचा हेतू दाखवावा लागतो. अभ्यासक्रमांत या निकालाचा एवढाच भाग शिकविला जातो.

माझ्या मते दुर्लक्षित राहिलेला भाग अधिक महत्त्वाचा आहे. परीक्षेतील गुणांचा प्रशिक्षणातील गुणांशी संबंध आहे, हे बहुमताने पुरेसे मानले. न्यायमूर्ती ब्रेनन यांनी भिन्नमतात दाखवून दिले की, प्रशिक्षणात नापास होणाऱ्यांना उत्तीर्ण होईपर्यंत पुन्हा शिकविले जाई. म्हणजे एका लेखी परीक्षेची ग्राह्यता दुसऱ्या लेखी परीक्षेवरून ठरविली गेली. रस्त्यावरील जमावासमोर तो शिपाई कसा वागतो, हा प्रश्न मोजमापाबाहेरच राहिला.

दुसरा खटला सांगितला की वर्गात हमखास हशा पिकतो. कनेक्टिकटमधील न्यू लंडन शहराने १९९६ च्या भरतीत बुद्धिमापन चाचणीत ३३ गुण मिळविणाऱ्या उमेदवारास मुलाखतीलाच बोलावले नाही, कारण शहराला २० ते २७ गुणांचेच उमेदवार हवे होते. अधिक बुद्धिमान व्यक्ती कंटाळून नोकरी सोडेल आणि प्रशिक्षणाचा खर्च वाया जाईल, हा युक्तिवाद. असे प्रत्यक्षात घडत नाही, असा काही पुरावा उमेदवाराने दिला होता. १९९९ मध्ये आणि अपिलात २००० मध्ये निकाल शहराच्या बाजूने लागला. धोरण बरोबर आहे की नाही हे महत्त्वाचे नाही, ते तर्कसंगत असले की पुरे, अशी न्यायालयाची भूमिका होती.

एकीकडे कमी गुणांचे वगळले गेले, दुसरीकडे जास्त गुणांचे. पोलिसी कामाशी गुणांचा पडताळा मात्र दोन्हीकडे झाला नाही. असा पडताळा अवघड आहे, हा आक्षेप खरा आहे. वरिष्ठांच्या शेऱ्यांतही पूर्वग्रह असतात. परंतु निवड झालेल्यांच्या पहिल्या काही वर्षांतील तक्रारी, बळाचा वापर आणि लिहिलेले तपास अहवाल यांची नोंद पोलीस खात्याच्या दप्तरीच असते. ती परीक्षेतील गुणांशी ताडून पाहण्याचे काम न्यायालयाचे नव्हे, परीक्षा घेणाऱ्या आयोगाचे आहे.