गृहआघाडीचे चित्रपट आणि घराची साक्ष

१

‘गृहआघाडी’ ही संज्ञा मुळात लष्करी परिभाषेतील आहे. युद्ध केवळ रणभूमीवर लढले जात नाही. शेत, कारखाना, स्वयंपाकघर ही त्याचीच ठाणी असतात, हे पहिल्या महायुद्धात राज्यसंस्थांच्या ध्यानात आले आणि दुसऱ्या महायुद्धात त्यांनी ते चित्रपटाच्या पडद्यावरून घरोघरी पोचवले. घराला ‘आघाडी’ म्हणताच दोन गोष्टी गृहीत धरल्या जातात. घर एकसंध आहे, ही पहिली. आणि ते युद्धाच्या बाजूचे आहे, ही दुसरी. या दोन गृहीतकांवर उभ्या राहिलेल्या चित्रपटांतील काहींना पुढे अभिजाततेचा मान मिळाला. ते ज्या निकडीतून जन्मले ती निकड संपून आता पाऊणशेहून अधिक वर्षे लोटली आहेत. आज त्यांचे मूल्य काय, आणि ते ठरवायचे कोणत्या कसावर, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या प्रश्नाला रूढ उत्तरे दोन आहेत. हे चित्रपट प्रचारासाठी काढले गेले, प्रसंग सरला की प्रचारही सरतो, म्हणून ते केवळ इतिहासाची साधने होत, हे पहिले. प्रचार वजा करून अभिनय, छायालेखन, संकलन यांचे जे शिल्लक उरते ते कला म्हणून स्वीकारावे, हे दुसरे. दोन्ही उत्तरांत प्रचार हा कलाकृतीवर बाहेरून चढवलेला लेप आहे असे मानलेले आहे. वास्तविक या चित्रपटांत घराची रचना, पात्रांची नाती, शेवट या साऱ्यांची जुळणीच त्या हेतूने झालेली असते. लेप खरवडायला गेले तर भिंतही येते. म्हणून कस दुसरा शोधला पाहिजे. घराने ज्याची साक्ष द्यावी असे संहितेला वाटते आणि घर प्रत्यक्षात ज्याची साक्ष देते, या दोहोंत अंतर पडते का, आणि चित्रपट ते अंतर बुजवतो की उघडे राहू देतो, हा तो कस. माझ्या मते गृहआघाडीचा चित्रपट टिकतो तो या अंतराच्या बळावर.

२

विल्यम वायलरचा ‘मिसेस मिनिव्हर’ (१९४२) हा या प्रकाराचा आदर्श मानला गेला. त्याला सहा ऑस्कर पारितोषिके मिळाली. मध्यमवर्गीय इंग्रज कुटुंब, त्याची बाग, गुलाबाच्या फुलांची स्पर्धा आणि त्यावर कोसळणारे बाँब, असा त्याचा आराखडा आहे. छप्पर उडालेल्या चर्चमधील प्रवचनाने तो संपतो आणि त्या छपराच्या भगदाडातून आकाशातली विमाने दिसतात. हा शेवट आज सर्वाधिक जुना झाला आहे, कारण तिथे घराच्या वतीने धर्मगुरू बोलतो आणि जे हरवले त्याचा हिशेब एका भाषणात चुकता होतो. याउलट निवाऱ्याचा प्रसंग अजून पकड सोडत नाही. बाहेर स्फोट होत असताना पतिपत्नी मुलांच्या एका जुन्या पुस्तकाविषयी बोलत राहतात. इथे धैर्याचे विधान नाही; भीती झाकण्यासाठी घर काय काय करते याचे निरीक्षण आहे. एकाच चित्रपटात टिकलेले आणि न टिकलेले असे शेजारी शेजारी आढळते, आणि या दोहोंमधला भेद कारागिरीचा नाही.

हाच भेद अधिक ठळकपणे किनोशिता या जपानी दिग्दर्शकाच्या ‘रिकुगुन’ (१९४४) मध्ये दिसतो. सैन्यासाठीच काढलेला हा चित्रपट आहे. मुलाला सम्राटाच्या सेवेत अर्पण करणे हे आईचे कर्तव्य, हे त्याचे उघड विधान. पण अखेरच्या काही मिनिटांत किनुयो तानाका यांनी साकारलेली आई कूच करणाऱ्या तुकडीमागून गर्दीतून धावत सुटते, मुलाचा चेहरा शोधते, आणि हे जवळजवळ निःशब्द घडते. संहितेच्या दृष्टीने ती नुसती निरोप द्यायला आली आहे. प्रतिमेच्या दृष्टीने ती त्याला परत मागते आहे. अधिकाऱ्यांना हा शेवट रुचला नाही, यात नवल नाही. घराची साक्ष इथे फिरली होती. सेन्सॉरला शब्द खोडता येतात, धावणे खोडायचे कसे?

३

भारतात मात्र या प्रकाराची अडचण मुळापासूनच वेगळी होती. ३ सप्टेंबर १९३९ रोजी व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी कोणत्याही लोकप्रतिनिधीला न विचारता भारत युद्धात उतरल्याचे जाहीर केले. काँग्रेसच्या प्रांतिक मंत्रिमंडळांनी राजीनामे दिले. १९४२ साली ‘छोडो भारत’चे आंदोलन पेटले. ज्या घराला आघाडी व्हायला सांगितले जात होते त्या घरातला एखादा मुलगा तुरुंगात, दुसरा फौजेत, आणि तिसरा भूमिगत असणे अगदी शक्य होते. संमती नसलेल्या घराकडून एकमताची साक्ष घ्यायची होती.

सरकारने त्यासाठी यंत्रणा उभारली. माहितीपटांसाठी १९४० मध्ये ‘फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड’ स्थापन झाले. त्याच्या कामात व्ही. शांताराम काही काळ सहभागी होते. पुढे कच्च्या फिल्मच्या टंचाईमुळे कथापटाची लांबी ११,००० फुटांपर्यंत मर्यादित करण्यात आली, फिल्मसाठी परवाने आले आणि युद्धप्रयत्नांना पूरक चित्रपट काढणे निर्मात्यांना भाग पडले. या दडपणातून दुहेरी अर्थाची एक भाषा तयार झाली. ‘किस्मत’ (१९४३) मधील कवी प्रदीप यांचे प्रसिद्ध गीत जर्मनी-जपानची नावे घेऊन सेन्सॉरमधून सुटले, आणि प्रेक्षकांनी त्यातला ‘परका’ कोण हे आपापले ठरवले.

मराठी माणसांनी काढलेल्या युद्धप्रयत्नपटांत दोन चित्रपट विचारात घेण्याजोगे आहेत. मा. विनायक यांच्या ‘प्रफुल्ल’चा ‘बडी माँ’ (१९४५) आज नूरजहाँच्या गाण्यांसाठी आणि लता व आशा मंगेशकर यांच्या लहान भूमिकांसाठी आठवला जातो. युद्धपट म्हणून जवळजवळ नाही. त्याच्या शीर्षकातच आई आणि मातृभूमी यांना एकरूप केले आहे. हे रूपक एकदा लावले की आईला स्वतःचे असे काही बोलायचे उरत नाही. वर मांडलेल्या अंतराला इथे जागाच राहिली नाही.

व्ही. शांताराम यांचा ‘डॉ. कोटणीस की अमर कहानी’ (१९४६) अधिक गुंतागुंतीचा आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये काँग्रेसने पाठवलेल्या पाच डॉक्टरांच्या पथकातून चीनला गेले आणि ९ डिसेंबर १९४२ रोजी वयाच्या बत्तिसाव्या वर्षी तिथेच वारले. जपानविरोधी युद्धाची कथा असल्याने सरकारची अट पाळली जात होती आणि काँग्रेसच्या पथकाची कथा असल्याने राष्ट्रवादीही सुखावत होते. ख्वाजा अहमद अब्बास यांच्या पुस्तकावर आधारलेल्या या पटाने चरित्राला मुरड घातली. प्रत्यक्षात कोटणीस अपस्माराच्या झटक्याने गेले. पडद्यावर ते प्लेगशी झुंज घेऊन हुतात्मा होतात. स्टुडिओत उभारलेला चीन आणि हिंदी बोलणारी जयश्रीची चिनी नायिका आज संकोचून टाकतात.

तरीही शेवट राहतो. मृत्युशय्येवरील कोटणीस पत्नीला सोलापूरच्या आपल्या घरी पोचल्यावर तिला काय काय दिसेल ते सांगतात, आणि ती मुलाला घेऊन त्या घराशी येते तेव्हा त्यांचाच आवाज तिला वाट दाखवतो. पहिल्या वाचनात ही भावविवशता वाटते. पण नीट पाहिले तर घर इथे गैरहजर माणसाच्या स्मृतीतून बोलते आहे. घराला स्वतःला काय वाटते हे अद्याप कळलेले नाही. परक्या देशाची, परक्या भाषेची सून आणि मुलाऐवजी आलेला नातू यांचा स्वीकार चाळिशीतल्या मराठी मध्यमवर्गीय घराने कसा केला असता? चित्रपट हा प्रश्न विचारत नाही, पण उंबरठ्यावर आणून ठेवतो. वास्तवातल्या कोटणीसांच्या पत्नीने पुढचे आयुष्य चीनमध्येच काढले, हे ध्यानात घेता ते घरी परतणे म्हणजे घटना नव्हे, इच्छा होती. ती इच्छा पूर्ण न झाल्याची जाणीव आजच्या प्रेक्षकाला असते, आणि त्यामुळेच तो उंबरठा अधिक खरा होतो.

४

भारतीय गृहआघाडीवर बाँब फारसे पडले नाहीत. पडली ती उपासमार. १९४३ च्या बंगालच्या दुष्काळाने युद्ध चुलीपर्यंत आणले. त्यावरचा अब्बास यांचा ‘धरती के लाल’ (१९४६) इप्टाने उभा केला. बंगालच्या शेतकऱ्यांच्या जथ्यांत उभे राहायला धुळे जिल्ह्यातील किसान सभेचे शेतकरी आले. खानदेशाने बंगालची भूक पडद्यावर आणावी, यात एका प्रदेशाने दुसऱ्याचे घर आपले मानल्याची खूण आहे. सामूहिक शेतीच्या उपायावर संपणारा त्याचा शेवट मात्र चर्चमधल्या प्रवचनाच्याच जातीचा आहे. तत्त्वज्ञान बदलले, पण घराच्या वतीने बोलण्याची रीत तीच राहिली.

त्याच दुष्काळावरचा सत्यजित राय यांचा ‘अशनि संकेत’ (१९७३) तीस वर्षांनंतर आला आणि त्याला हे टाळता आले. त्यातल्या खेड्याला युद्ध म्हणजे आकाशातून जाणारी विमाने. सिंगापूर पडले एवढे ऐकू येते, पण ते कुठे आहे हे कुणाला ठाऊक नसते. ठाऊक असतो तो तांदळाचा भाव. भाव चढत जातो तसतसे घरातले संकेत एकेक करून ढळतात, आणि अखेर ब्राह्मण गंगाचरण एका अस्पृश्य स्त्रीची नाडी पाहण्यासाठी तिचा हात हाती घेतो. हे समतेचे भाषण नव्हे. युद्धाने घर मोडता मोडता त्याची एक भिंतही मोडली, एवढेच तिथे दाखवले आहे. घराला आघाडी न म्हणताही गृहआघाडीचा श्रेष्ठ चित्रपट होऊ शकतो, याचे हे उदाहरण.

५

हा कस नांदेड-लातूरकडून लावून पाहिला तर काय दिसते? निजामाच्या राज्यातील या प्रदेशाला महायुद्ध दुरूनच जाणवले; त्याचे स्वतःचे युद्ध १९४७-४८ चे. ते थेट घरांतून गेले. सीमेपलीकडे सोलापूर, बार्शी, उमरखेड येथे कार्यकर्त्यांचे तळ होते. उमरखेडच्या तळावरून जानेवारी १९४८ मध्ये उमरीची बँक लुटली गेली. तळावर गेलेल्यांच्या मागे घरे राहिली. दागिने-धान्य बळदात दडवणाऱ्या, निरोप पोचवणाऱ्या, लेकरांसह सीमेपलीकडच्या नातलगांकडे गेलेल्या स्त्रिया ही या युद्धाची खरी गृहआघाडी होती. कोटणीसांचे सोलापूर अवघ्या दोन वर्षांत अशा परागंदा कुटुंबांचे सोलापूर झाले.

पण या घरांची साक्ष एकपदरी नाही, आणि इथेच अवघड भाग सुरू होतो. रझाकारांचा म्होरक्या कासिम रझवी लातुरात वकिली करीत असे. म्हणजे शत्रू दूरच्या देशातला नव्हता. तो त्याच बाजारपेठेतला होता. आणि सप्टेंबर १९४८ मधील पोलीस कारवाईनंतर जे घडले त्यात दुसरी घरे उजाड झाली. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने मृतांचा अंदाज २७ ते ४० हजार असा दिला आणि उस्मानाबाद, गुलबर्गा, बीदर, नांदेड हे जिल्हे सर्वाधिक होरपळल्याचे नोंदवले. लातूर त्या वेळी उस्मानाबाद जिल्ह्यातच होते. स्वतःच्या जिवावर उदार होऊन मुसलमान शेजाऱ्यांना वाचवणाऱ्या हिंदूंचीही नोंद त्या अहवालात आहे. तो अहवाल कित्येक दशके लोकांसमोर आला नाही. दोन्ही बाजूंची घरे एकाच चौकटीत बसवणारा चित्रपट माझ्या पाहण्यात नाही. २०२४ मध्ये प्रदर्शित झालेला ‘रझाकार’ हा तेलुगू चित्रपट अत्याचार आणि विलीनीकरण यांच्यावर थांबतो; त्यातील घर जळण्यासाठीच उभे केलेले असते.

अशा वेळी आधार मिळतो तो युद्धपट म्हणून कधीच न गणलेल्या दोन चित्रपटांचा. शांताराम यांच्या ‘शेजारी’ (१९४१) मध्ये जिवा पाटील आणि मिर्झा यांची मैत्री धरणासाठी जमीन हवी असलेल्या उद्योगपतीकडून तोडली जाते. हिंदी आवृत्तीत हिंदू पात्र मजहर खान यांनी, तर मुस्लिम पात्र गजानन जागीरदार यांनी साकारले होते. धरण फुटते तेव्हा ते दोघे एकत्र मरतात. हा शेवट आज ढोबळ वाटतो, आणि काहीसा सोयीचाही, कारण मेलेल्या शेजाऱ्यांना उद्या समोरासमोर राहायचे नसते. त्याआधीचा अबोला मात्र खरा आहे. दोन उंबरठ्यांमध्ये साचत जाणारे ते मौन मराठवाड्याने पुढे सात वर्षांनी अनुभवले. दुसरा चित्रपट एम. एस. सथ्यू यांचा ‘गर्म हवा’. त्यातील म्हातारी आई हवेली सोडायला नकार देऊन लाकडांच्या कोठडीत लपून बसते. राष्ट्र, पक्ष, फाळणी यांपैकी कशाविषयीच ती काही म्हणत नाही. कुणी कितीही सांगितले तरी आघाडी व्हायला नकार देणारे घर ते हेच.

नांदेडच्या पीपल्स कॉलेजात अध्यापन केलेले नरहर कुरुंदकर याच संग्रामाच्या काळात वाढले. अभिमान आणि चिकित्सा एकत्र नांदू शकतात, हा त्यांच्या लेखनाचा पाठ मराठवाड्याच्या समीक्षेला अपरिचित नाही. गृहआघाडीच्या चित्रपटांबाबत तो वापरायचा तर ‘हा चित्रपट देशभक्त आहे का’ आणि ‘हा चित्रपट कलात्मक आहे का’ हे दोन्ही प्रश्न काही काळ बाजूला ठेवावे लागतील. आधी विचारायला हवे, की यातले घर कुणाचे आहे, शेजारचे दार पडद्यावर दिसते का, आणि शेवटी बोलते कोण, घर की घराच्या वतीने दुसराच कुणी. या प्रश्नांपुढे ‘मिसेस मिनिव्हर’चा निवारा, ‘रिकुगुन’ची आई आणि कोटणीसांचा उंबरठा आजही उभे राहतात; प्रवचने आणि जयघोष राहत नाहीत. मुक्तिसंग्रामावर उद्या जो मराठी चित्रपट निघेल त्याची पारखही याच प्रश्नांनी व्हावी. तो १७ सप्टेंबरला संपला तर त्याने निम्म्याच घरांची साक्ष घेतली असे म्हणावे लागेल.