कॅमेरा उभा कुठं राहतो?

'सिटिझन केन' (1941) या चित्रपटात ऑर्सन वेल्सने स्वतःच्या नावाच्या पाटीवरच कॅमेरामन ग्रेग टोलंडचं नाव झळकवलं, याचं अप्रूप हॉलिवूडला आजही आहे. आपल्याकडे कॅमेरामनला याहून मोठा मान बारा वर्षं आधीच मिळाला होता. 1929 साली कोल्हापुरात 'प्रभात' फिल्म कंपनी उभी राहिली, तेव्हा दामले, फत्तेलाल, शांताराम आणि सीताराम कुलकर्णी यांच्यासोबत पाचवे भागीदार होते केशवराव धायबर. ते कॅमेरा चालवत आणि कंपनीत त्यांच्या शब्दाला वजनही होतं. 'अमृतमंथन' (1934) मध्ये टेलिफोटो भिंगातून टिपलेला राजगुरूचा डोळा पडदाभर पसरतो. प्रेक्षकाला धाक बसतो तो संवादाआधी त्या डोळ्याचा. कथा कॅमेऱ्याने सांगायची, हे तेव्हा ठरलेलं होतं.

'प्रभात'च्या पुण्यातल्या जागेत 1960 साली फिल्म इन्स्टिट्यूट आली. तिथं शिकलेल्या अविनाश अरुण यांनी 'किल्ला' या मराठी चित्रपटाचं दिग्दर्शन आणि छायाचित्रण दोन्ही केलं. कोकणातला पाऊस त्यात नुसता देखणा नाही. नव्या गावात एकट्या पडलेल्या मुलाचा कोंडमारा त्यातून कळतो. 'कोर्ट'मध्ये मृणाल देसाई यांचा कॅमेरा लांब, स्थिर उभा राहतो. न्यायालय सुट्टीसाठी बंद होतं, दिवे एकेक करून मालवले जातात, तरी तो हलत नाही. व्यवस्थेची थंड बेफिकिरी सांगायला याहून अधिक शब्द लागत नाहीत. 'फँड्री'त विक्रम अमलाडी यांनी टिपलेलं दृश्य घ्या: राष्ट्रगीत सुरू होतं आणि डुकरामागे धावणारं कुटुंब जागच्या जागी थबकतं. पुढं त्या कुटुंबातल्या जब्याने भिरकावलेला दगड थेट कॅमेऱ्याकडे, म्हणजे आपल्याकडे येतो. इथं कॅमेरा कुठं उभा आहे, हाच चित्रपटाचा विचार आहे.

मग अडतं कुठं? ही उदाहरणं अपवाद ठरतात, तिथं. एरवी मराठी सिनेमाची सुरुवात ड्रोनने होते: हिरवे डोंगर, वळणाची नदी, कौलारू घरं. चित्र गुळगुळीत असतं, पण ते कुणाच्या नजरेतून दिसतंय हे कळत नाही. मराठवाड्याच्या वाट्याला तर त्याहून कमी येतं. भेगाळलेली जमीन आणि वर चढवलेला पिवळा रंग, की झाला मराठवाडा.

परभणीजवळच्या पेडगावसारख्या गावाचा प्रकाश असा एका रंगात मावत नाही. काळी माती उजेड पिऊन टाकते. खालून चेहऱ्यावर तो फारसा परतत नाही. भर दुपारी टोपीखालच्या सावळ्या चेहऱ्याला एक्सपोजर दिलं, तर मागचं आभाळ पांढरं फटक पडतं. आभाळ सांभाळलं, तर चेहरा काळोखात जातो. थर्माकोल धरून उजेड परतवला, तर उन्हातला शेतकरी स्टुडिओत उभा केल्यासारखा दिसतो. इथं कॅमेरामनला निवड करावीच लागते, आणि ती निवड कथेतून यावी लागते. शिवाय श्रावणातलं सोयाबीन, दिवाळीच्या आसपास फुटलेला कापूस आणि वैशाखातली उघडी काळी रानं, एकाच शिवाराचे हे तीन वेगळे उजेड. दुष्काळाचा पिवळा रंग यातल्या एकाही उजेडाला लागू पडत नाही.

हे ओळखणारे कॅमेरामन आपल्याकडे नाहीत असं मुळीच नाही. 'किल्ला'वाल्या अविनाश अरुण यांनी 'मसान' आणि 'दृश्यम' हे हिंदी चित्रपटही टिपले. महेश अणे यांना 'स्वदेस'च्या छायाचित्रणासाठी राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. कस आहे, पण मराठी निर्मितीत कॅमेरामन बरेचदा पटकथा, तारखा आणि लोकेशन पक्कं झाल्यावर येतो. दोन दिवसांची रेकी, मग शूटिंग. अशा घाईत तो हमखास साधणारी फ्रेम लावणार. त्याला दोष देण्यात अर्थ नाही. त्याला पटकथेच्या पहिल्या वाचनाला बसवावं, शूटिंगच्या आधी एखादा हंगाम गावात काढू द्यावा आणि त्याचा मेहनताना बजेटमध्ये वेगळा धरावा. ड्रोनच्या भाड्यातूनही या खर्चाची सुरुवात होऊ शकते.